विजेवर चालणारी खेळण्यातील आगगाडी : उगम, तंत्र आणि संग्रहाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

खेळणे हा इतिहासलेखनात उपेक्षित राहिलेला विषय आहे. राजमुद्रा, ताम्रपट, नाणी आणि कागदपत्रे यांना साधन म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती मुलांच्या खेळण्यांना लाभली नाही. वस्तुतः एखाद्या काळातील समाजाने कोणते तंत्रज्ञान आपलेसे केले होते, याची साक्ष त्या काळातील खेळणी अनेकदा स्पष्टपणे देतात. आगगाडीच्या प्रतिकृतींचा संग्रह हा छंद युरोप आणि अमेरिकेत दीर्घकाळ रुजलेला असून, त्याकडे केवळ हौस म्हणून पाहिले जाते. विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाडीचा उगम कसा झाला, तिच्या रचनेतून त्या काळाविषयी काय कळते आणि संग्राहकाची जबाबदारी कोणती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चावीच्या गाडीपासून विजेच्या गाडीपर्यंत

खेळण्यातील पहिल्या गाड्या लाकडाच्या वा पत्र्याच्या असत आणि त्या दोरीने ओढाव्या लागत किंवा हाताने ढकलाव्या लागत. पुढे वाफेवर आणि चावीवर चालणारी इंजिने आली. या क्षेत्राला शिस्त लावण्याचे श्रेय जर्मनीतील गोपिंगन येथील मेर्क्लिन या संस्थेकडे जाते. १८५९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आरंभी बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी बनवीत असे. १८९१ च्या लाइपझिग येथील जत्रेत तिने चावीची गाडी आणि तिच्यासाठी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचा लोहमार्ग मांडला. रुळांमधील अंतराला क्रमांक देऊन तिने प्रमाणित मापे रूढ केली. त्यामुळे गाडी एकदाच विकत घेऊन संपणारी वस्तू राहिली नाही. पुढल्या वर्षी नवे डबे, त्यानंतर सांधे आणि स्थानक जोडता येऊ लागले. संग्रहाचे बीज या मापांच्या शिस्तीत आहे.

विजेवरील छोट्या गाडीची कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील थॉमस डेव्हनपोर्ट या लोहाराने १८३४-३५ च्या सुमारास विद्युत चलित्र तयार केले आणि वर्तुळाकार मार्गावर बॅटरीच्या साहाय्याने छोटी गाडी चालवून दाखविली. १८३७ मध्ये त्याला चलित्राचे पेटंट मिळाले. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी बर्लिन येथील प्रदर्शनात माणसे वाहून नेणारी विजेची गाडी चालविली ती १८७९ मध्ये. म्हणजे विजेच्या बाबतीत प्रतिकृती ही खऱ्या गाडीच्या आधी अवतरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

बाजारात यशस्वी ठरलेली विजेची पहिली खेळण्यातील गाडी अमेरिकेतील सिनसिनाटी येथील कार्लाइल अँड फिंच या कारखान्याने १८९६-९७ च्या सुमारास आणली. दोन इंच अंतरावर बसविलेल्या धातूच्या पट्ट्या हाच तिचा मार्ग होता आणि रासायनिक बॅटरी हा शक्तीचा स्रोत होता. त्यानंतर १९०० मध्ये न्यूयॉर्क येथे जोशुआ लायोनेल कोवेन यांनी लायोनेल कंपनीची स्थापना केली. कोवेन यांची पहिली गाडी म्हणजे चलित्र बसविलेला लाकडी उघडा डबा होता. दुकानाच्या दर्शनी काचेमागे गिऱ्हाइकांचे लक्ष वेधून घेण्यासाठी तो फिरत ठेवावा, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु गिऱ्हाइके मालाऐवजी त्या गाडीचीच मागणी करू लागली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

त्या काळी घरात वीज असणे ही सामान्य गोष्ट नव्हती. अमेरिकेतही १९२० च्या सुमारास जेमतेम एक तृतीयांश घरांत वीज पोहोचली होती. आपल्याकडे तर ती राजवाड्याची शोभा होती. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात महाराज माधवराव शिंदे यांच्यासाठी इंग्लंडमधील बॅसेट-लोक या संस्थेने १९०६ मध्ये बनविलेली चांदीची विजेची गाडी याचे उत्तम उदाहरण होय. भोजनगृहातील मेजावरून ही गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन फिरत असे. सुरई उचलताच ती थांबे आणि सुरई परत ठेवताच पुढे निघे. एकीकडे दुकानाची काच आणि दुसरीकडे महाराजांचे मेज. दोन्ही ठिकाणी या गाडीने वीज ही पाहण्याजोगी गोष्ट बनविली.

रुळांचे वाचन

खेळण्यातील जुन्या गाडीला अनेकदा दोनऐवजी तीन रूळ का असतात, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर विजेच्या मंडलात आहे. दोन रुळांपैकी एकातून प्रवाह आणून दुसऱ्यातून परत न्यायचा असेल, तर धातूची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडून टाकतात व मंडल मध्येच बंद होते. ते टाळण्यासाठी प्रत्येक आसावरील किमान एक चाक विद्युतरोधक करावे लागते. याउलट मधल्या रुळातून प्रवाह आणला आणि बाहेरचे दोन्ही रूळ परतीसाठी वापरले, तर साधी पत्र्याची चाके चालतात. मार्ग वळून स्वतःलाच येऊन मिळाला तरी घोटाळा होत नाही. लायोनेलने १९०६ मध्ये तीन रुळांचा मार्ग स्वीकारला. त्यातून गाडी खऱ्यासारखी दिसण्यापेक्षा ती मुलाच्या हाती निर्वेध चालावी, याला दिलेले महत्त्व दिसून येते.

चलित्राचीही अशीच कथा आहे. जुन्या गाड्यांतील चलित्रात चुंबकीय क्षेत्र आणि फिरता भाग या दोन्हींची वेटोळी एकाच मंडलात असत. प्रवाहाची दिशा उलटली की दोन्ही एकदमच उलटतात, त्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. म्हणूनच असे चलित्र प्रत्यावर्ती प्रवाहावरही चालते. मात्र गाडी मागे नेण्यासाठी वेगळी कळ लागते. पुढे कायमचुंबक वापरणारी चलित्रे आली. एकदिश प्रवाहाची ध्रुवता बदलताच ती उलटी फिरू लागली आणि दोन रुळांची पद्धत अधिक सोयीची ठरली.

सुरक्षिततेचा इतिहासही या वस्तूंत नोंदला गेला आहे. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२५ मध्ये आणलेली पहिली विजेची गाडी घरातील मुख्य पुरवठ्यावर, मध्ये एक दिवा जोडून चालविली जात असे. हा धोका ओळखून लवकरच कमी दाबाच्या गाड्या आल्या आणि रोहित्र हे खेळण्याच्या पेटीचे अंग बनले.

नाममुद्रेची साक्ष

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेम्बर्ग येथील बिंग बंधूंचा कारखाना जगातील सर्वांत मोठ्या खेळण्यांच्या कारखान्यांत गणला जाई. इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांच्या रंगांतील गाड्याही तेथे तयार होत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन मालाची आयात थांबली. युद्धानंतरही इंग्लंडमध्ये स्वदेशी मालाला अनुकूल वातावरण होते आणि १९२० मध्ये हॉर्नबीची चावीची गाडी बाजारात आली. बिंगचा कारखाना पुढे जागतिक मंदीत कोलमडला. त्याच कुटुंबातील स्टेफान बिंग यांच्या ट्रिक्स या दुसऱ्या उद्योगाने १९३५ मध्ये मेजावर मावणारी विजेची गाडी आणली. परंतु ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना तो उद्योग विकावा लागला आणि १९३८ मध्ये ते इंग्लंडला गेले. एका कुटुंबाचा उत्कर्ष आणि त्याच्यावर लादलेले विस्थापन यांची खूण आज पत्र्यावरील दोन-तीन अक्षरांच्या नाममुद्रेत उरली आहे. बिंगच्या मालावर आरंभी 'जीबीएन' ही अक्षरे असत, तर महायुद्धानंतर 'बीडब्ल्यू' ही अक्षरे आली. जाणकार त्यावरून वस्तूचा काळ ठरवितात.

संग्राहकाची जबाबदारी

संग्रहापुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो. जुने इंजिन हाती आले की ते घासून, रंगवून नव्यासारखे करावे, असा मोह स्वाभाविकपणे होतो. तसे केल्यास मूळ रंग, नाममुद्रा, दुरुस्तीच्या खुणा आणि वापराची झीज हे सारे पुरावे नष्ट होतात. १९५४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने वस्तूंच्या स्थितीची प्रतवारी ठरविली. त्यामागे खरेदी-विक्रीतील प्रामाणिकपणाचा हेतू असला, तरी मूळ अवस्थेचा आदर हे मूल्यही त्यातून रुजले.

मात्र काळाची झीज सर्वस्वी थोपविता येत नाही. १९२० व १९३० च्या दशकांतील जस्ताच्या ओतीव भागांत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर धातू आतून फुगतो, त्याला भेगा जातात आणि अखेर त्याचा भुगा होतो. यावर उपाय नाही. कोरड्या आणि स्थिर तापमानाच्या जागेत ठेवून ही क्रिया लांबविता येते इतकेच. म्हणूनच वस्तूइतकीच तिची नोंदही महत्त्वाची आहे. छायाचित्र, मोजमाप, मूळ खोका, विकत घेतल्याची पावती आणि ती कोणाच्या घरून आली याची माहिती जपली, तर वस्तू गेली तरी पुरावा राहतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयाचा परिचय पुण्यातील कोथरूड येथील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात होऊ शकतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात १:८७ या प्रमाणातील गाड्या धावतात. या प्रमाणात १४३५ मि.मी. चा युरोपीय लोहमार्ग १६.५ मि.मी. होतो. आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मि.मी. चा असल्यामुळे त्याची अचूक प्रतिकृती सुमारे १९.३ मि.मी. हवी. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय गाडी चालवायची तर सुमारे पावणेतीन मि.मी. ची तडजोड करावी लागते. मापे कोणी आणि कोठे ठरविली, याचा इतिहास या लहानशा फरकात दडलेला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, विजेवरील खेळण्यातील आगगाडी ही खऱ्या रेल्वेची केवळ लहान नक्कल नव्हती. वीज घरात येत असताना तिच्याशी परिचय करून देणारे ते एक साधन होते. तिचे रूळ, चलित्र आणि नाममुद्रा यांत तंत्रज्ञान, व्यापार आणि राजकारण यांच्या नोंदी आहेत. त्या वाचावयाच्या तर वस्तू मूळ अवस्थेत टिकली पाहिजे. आपल्याकडेही अनेक घरांच्या माळ्यावर पत्र्याची एखादी जुनी गाडी पडून असेल. ती भंगारात देण्यापूर्वी किंवा तिला नवा रंग देण्यापूर्वी तिच्या तळाशी उमटलेली अक्षरे एकदा वाचून, त्यांची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे. संग्रहाचा आरंभ तेथूनच होतो.