मुलाचा राग आणि शिक्षकाचा संयम

दुसरीच्या मुलाने पाटीवर मांडलेली बेरीज शेजाऱ्याने पुसली, एवढेच निमित्त. सात वर्षांचा तो मुलगा पाटी भिरकावतो, शेजाऱ्याला ओचकारतो व आक्रोश करू लागतो. चौथीची मुले वाचन सोडून पाहत राहतात. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी “गप्प बस!” हे शब्द सहज तोंडी येतात, परंतु त्यांनी मूल शांत होत नाही, हाही सर्वांचा अनुभव आहे.

याचे कारण शरीरात आहे. राग वा भीती दाटून आली की अ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते, हृदय धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलांचे विवेचन केले आहे. आवेगास आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग पूर्ण पक्व होण्यास वयाची विशी उलटावी लागते, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले. तेव्हा त्या क्षणी मुलाने विवेक दाखवावा, ही अपेक्षा अवास्तव होय. उगारलेला हात त्याला नवे संकटच भासतो. भीतीने मूल निमूट होते. पण निमूट होणे म्हणजे शांत होणे नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी शांतता, मग समजूत. शिक्षकाने प्रथम दुसऱ्या मुलास बाजूला घ्यावे व इतरांना वाचनाचे किंवा लेखनाचे सोपे काम द्यावे. मग रडणाऱ्या मुलाजवळ खाली बसून हळू आवाजात म्हणावे, “तुझी बेरीज पुसली, म्हणून तुला राग आला ना?” भावनेला नाव मिळाले की आपले कोणी ऐकले, असे मुलास वाटते. पाणी प्यावयास द्यावे. चुलीत फुंकणीने फुंकर घालतात तसा लांब उच्छ्वास चार-पाच वेळा करवून घ्यावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. झाडांना पाणी घालणे यांसारखे हातापायांचे कामही उपयोगी पडते.

समजुतीची वेळ त्यानंतर येते. राग येणे हा अपराध नाही, ओरबाडणे मात्र चालणार नाही, हा भेद स्पष्ट सांगावा. पाटी उचलून ठेवणे, मित्राची विचारपूस करणे ही भरपाई मुलाकडूनच करवून घ्यावी. लाड व शिस्त यांतील सीमारेषा येथेच आहे.

शांतता हुकमाने येत नाही, हे १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात मोकळेपणाने दाखविले आहे. त्यातील शिक्षकाचा शांततेचा खेळ पहिल्याच दिवशी फसतो. पुढे गोष्ट सांगू लागताच तीच मुले स्थिर बसतात.

रडणाऱ्या मुलाइतकेच मुक्या मुलाकडेही लक्ष असावे. आईवडील ऊसतोडीस गेल्यावर आजीजवळ राहिलेले मूल कोणास मारीत नाही. ते केवळ खिडकीबाहेर पाहत बसते. त्याला रोज नावाने हाक मारावी, एखादे ठरलेले काम सोपवावे. खिन्नता अनेक दिवस टिकल्यास घरच्या माणसांची भेट घ्यावी व आवश्यक तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. परंतु छडी ठेवून देणे ही केवळ सुरुवात होय. तिच्या जागी काय आणावयाचे, हे शिक्षकाच्या संयमानेच ठरते. अपमानित झालेले मूल दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे निमित्त सांगून घरी राहते. आपला राग येथे समजून घेतला जातो, असा भरवसा ज्याला वाटला, ते मूल दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन पुन्हा वर्गात येते. सर्व शिकणे त्या परत येण्यावरच अवलंबून आहे.