ड्रायव्हर खाली!

सकाळी 6:10
डिसेंबरची थंडी. धरणगाव-अमळनेर रस्त्यालगतच्या एका जिनिंगचं फाटक अजून उघडलेलं नाही. बाहेर नऊ गाड्या लागल्यात, सात पिकअप आणि दोन ट्रॅक्टर. शेतकरी काटक्या पेटवून शेकत बसलेत. वजनकाट्यावरचा मुलगा मोटरसायकलवरून येतो. वय चोवीस. पगार महिन्याला बारा हजार, तोही हंगामापुरता. येण्याजाण्याचं पेट्रोल रोज साठ रुपयांचं. पिशवीत डबा आणि एक पुस्तक. व्यवस्थापनाची पदवी तो बाहेरून करतोय. पुढच्या आठवड्यात ‘व्यवसाय नीतिशास्त्र’ या विषयाचा पेपर आहे.

6:30
आधी खराटा. काट्याच्या कडेच्या फटीत खडे आणि सरकी अडकते. फट बुजली की काटा कुठेतरी टेकतो आणि वजन चुकतं. तो वाकून चारही बाजू झाडतो, तारेने फट कोरतो, मग आत जाऊन स्क्रीनवरचं शून्य बघतो. वैधमापन खात्याची तपासणी आणि शिक्का वर्षातून एकदा. उरलेलं वर्षभर काटा खरा राहतो तो या खराट्यामुळे.

7:15
पहिली गाडी आप्पा नावाच्या शेतकऱ्याची. ग्रेडर ओलावा बघायचं मीटर कापसात खुपसतो. वरच्या थरात तेरा, हातभर आत नऊ. दव पडलंय. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत त्या प्रमाणात कपात, बाराच्या वर माल परत. इथे खासगीत सगळं ग्रेडरच्या तोंडावर.
“आप्पा, ताडपत्री सोडा. ऊन लागू द्या. दहाला काट्यावर घ्या,” मुलगा खिडकीतून सांगतो.
ग्रेडर त्याच्याकडे बघतो, काही बोलत नाही. बोलतो तो पिकअपवाला. तीन तास थांबलं तर त्याची दुसरी खेप जाते. शेवटी आप्पा त्याला दोनशे रुपये जादा कबूल करतात. दव सुकेल, पण दोनशे गेले.

8:50
एका ट्रॉलीत वरचा कापूस कोरडा, मधला चिंब. पाणी मारलंय. शेतकरी मान खाली घालून उभा. ट्रॉली परत जाते. हे आजचं नाही. अमेरिकेत यादवी पेटली, मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गाठींमध्ये माती, सरकी, पाणी जायला लागलं. तेव्हा 1863 साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला होता. लबाडी दोन्ही बाजूंनी होते हे मुलाला ठाऊक आहे. पण एक बाजू वर्षातून चार वेळा काट्यावर येते आणि दुसरी रोज काट्यावरच बसलेली असते. माझ्या मते हा फरक मोठा आहे.

10:20
आप्पांची गाडी काट्यावर. मीटर आता साडेआठ दाखवतं.
“ड्रायव्हर खाली!”
ही हाक तो प्रत्येक गाडीला दोनदा देतो, भरलेली तोलताना आणि रिकामी तोलताना. भरल्या गाडीतून ड्रायव्हर उतरला आणि रिकाम्या गाडीत बसून राहिला, तर पासष्ट किलोचा माणूस शेतकऱ्याच्या कापसातून वजा होतो. आजचा भाव क्विंटलला सात हजार. म्हणजे साडेचार हजार रुपये गेले, आणि कोणी चोरले असंही म्हणता येत नाही.
भरलेली 3,180. रिकामी 1,745. निव्वळ 1,435 किलो.
आप्पा खिडकीशी येतात. “कितलं भरनं? बठ्ठं बरोबर शे ना, भाऊ?”
इथून खरी अडचण. शेठचा नियम आहे, घाण आणि घट म्हणून क्विंटलमागे एक किलो कटती. चौदा किलो, नऊशे ऐंशी रुपये. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर दोन बायांची दिवसभराची मजुरी. आधीचा माणूस हे चौदा किलो वजनातूनच गाळायचा. पावतीवर थेट 1,421. हा मुलगा खरं वजन छापतो आणि खाली पेनाने लिहितो, कटती 14.
आप्पा वाचतात. “ही कसानी?”
“शेठनी. त्यांना विचारा.”
आप्पा ऑफिसकडे चालू लागतात. मागे अकरा गाड्या उभ्या आहेत. पुढची हाक.

1:40
कळण्याची भाकरी, भरीत, कांदा. डब्याशेजारी पुस्तक उघडं. पुस्तकातल्या माणसाला विचार करायला पाच पानं मिळतात, याला रिकामी गाडी काट्यावर चढेपर्यंत. पण तो पुस्तकाला नावं ठेवत नाही. जळगावला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ त्याने बघितलंय. गांधींनी 1925 साली ‘यंग इंडिया’त सात सामाजिक पापांची यादी छापली, तीत नीती सोडून केलेला व्यापार आहे. ते त्याने वहीत टिपलंय. खाली स्वतःचं एक वाक्य: भावात घासाघीस चालेल, वजनात नाही. भाव शेतकऱ्याला कळतो. पटला नाही तर तो गाडी वळवून दुसऱ्या जिनला नेऊ शकतो. वजनातलं त्याला दिसतच नाही. मला हे वाक्य त्या जाड पुस्तकापेक्षा पक्कं वाटलं.

4:30
शेठ येतात. सकाळपासून सहा जण पावती घेऊन भांडून गेलेत.
“लिहितोस कशाला?”
“घेतो ते लिहितो, शेठ.”
“सगळेच घेतात.”
“मग सगळ्यांना लिहायला काय हरकत?”
शेठ चिडतात. हंगाम संपल्यावर बघू, म्हणतात. मुलाचा चेहरा उतरतो. घरी बहिणीचं लग्न ठरलंय, मार्चपर्यंतचा पगार मोजून ठेवलाय. पुढची गाडी चढते. “ड्रायव्हर खाली!” आवाज तेवढाच मोठा.

8:20
शेवटचा ट्रॅक्टर. हमाल हातपाय धुतात, मुकादम हमालीचा हिशोब वाटतो. आतल्या जिन रात्रभर चालतील. शेठ कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत. सात हजारातून एक किलो वजा, म्हणजे सहा हजार नऊशे तीस.
“उद्या फळ्यावर सहा हजार नऊशे पन्नास लाव. कटती नाही.”
“पावतीवर?”
“भरलं तेवढं.”
काही शेतकरी तो भाव वाचून अमळनेरकडे वळतील, हे दोघांनाही कळतं. मुलगा खडू शोधतो. फळा पहिल्या गाडीच्या आधी फाटकावर लागला पाहिजे, म्हणजे उद्या पावणेसहाला यायचं.