तीनशेबत्तिसाव्या जागेचा मामला

एड्सचा विषाणू माणसाच्या पेशीत ज्या सहजतेने बिऱ्हाड थाटतो, ती सहजता त्याला उत्तर हिंदुस्थानातील लाल तोंडाच्या माकडाच्या, म्हणजे ऱ्हीससच्या, पेशीत लाभत नाही. पेशीच्या आवरणातून तो आत शिरतो खरा, परंतु आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत पुरती उतरवून घेण्याआधीच त्याचा निकाल लागतो, आणि हा निकाल लावणारे प्रथिन कोणते याचा छडा २००४ साली बॉस्टन येथील जोसेफ सोड्रोस्की यांच्या प्रयोगशाळेत लागला. ट्रिम-५ आल्फा असे त्याचे काहीसे रुक्ष नाव आहे. विषाणूच्या जनुकद्रव्याभोवती जे कवच असते त्याला हे प्रथिन बिलगते, कवच अकाली उकलते आणि पुढचे सारे कार्य खुंटते.

हेच प्रथिन माणसापाशीही आहे. मात्र एचआयव्हीपुढे ते जवळजवळ निष्प्रभ ठरते. सुमारे पाचशे अमिनो आम्लांच्या त्याच्या साखळीत ३३२ व्या जागी आपल्याकडे आर्जिनीन असते आणि माकडाकडे तिच्याशी जुळणाऱ्या जागी प्रोलीन. २००५ साली लंडन व बॉस्टन येथील संशोधकांनी मानवी प्रथिनात एवढाच एक फेरफार करून पाहिला, तेव्हा ते एचआयव्हीला अडवू लागले! माणूस म्हणजे उत्क्रांतीची परमावधी, अशी समजूत बाळगण्याची जी खोड आपल्याला जडली आहे, तिला या एका आर्जिनीनने चांगलाच शह दिला आहे.

मग निसर्गाने हा तपशील आपल्या बाबतीत असा का ठेवला? त्याच वर्षी सिएटल येथील सारा सॉयर, हरमीत मलिक आणि मायकेल एमरमन यांनी अनेक वानरांची व माकडांची ही जनुके ताडून पाहिली. प्रथिनाची घडण बदलणारे फेरफार बहुधा घातक असल्यामुळे निसर्ग ते काढून टाकतो, असा सर्वसाधारण शिरस्ता; परंतु येथे कवचाला भिडणाऱ्या अवघ्या १३ अमिनो आम्लांच्या पट्ट्यात तसे फेरफार उलट जपले गेले होते, आणि हा क्रम तीन कोटी वर्षांहून अधिक काळ चालू असावा असे दिसले. एचआयव्ही मानवजातीत येऊन जेमतेम शतक लोटले असल्याने हा सारा बंदोबस्त त्याच्यासाठी केलेला असणे शक्य नाही; तो कधीच नामशेष झालेल्या निराळ्याच विषाणूंसाठी होता.

अशा विषाणूंपैकी एकाचे अवशेष, जुन्या दप्तराच्या रुमालात विसरलेल्या कागदांप्रमाणे, चिंपांझी व गोरिला यांच्या जनुकसंचात शंभराहून अधिक ठिकाणी आढळतात. माणसात मात्र एकही नाही. त्यावरून सिएटलच्याच संशोधकांनी २००७ साली असा तर्क मांडला की, मानवी ट्रिम-५ त्या प्राचीन शत्रूला रोखण्याइतके समर्थ झाले आणि त्याच सामर्थ्यापायी एचआयव्हीपुढे दुबळे पडले. तर्क मोठा मोहक आहे. परंतु पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेला असा अडथळा आढळला नाही, तेव्हा तूर्त तो तहकूब ठेवणेच इष्ट.

दक्षिण अमेरिकेतील निशाचर माकडाने काढलेली तोड मात्र निर्विवाद आहे, आणि मला तरी ती अधिक विलक्षण वाटते. एचआयव्हीच्या कवचाला चिकटणारे सायक्लोफिलिन नावाचे एक अगदी वेगळे प्रथिन पेशीत असते. त्याच्या जनुकाची एक भटकी प्रत या माकडाच्या ट्रिम-५ जनुकात येऊन बसली, आणि दोहोंच्या संयोगातून जे जोडप्रथिन निघाले ते एचआयव्हीला अडवते. असाच योग आशियातील मकाक माकडांत अगदी स्वतंत्रपणे, जनुकाच्या निराळ्या ठिकाणी, पुन्हा जुळून आला.

तथापि ऱ्हीससच्या भाग्याचा हेवा करण्यापूर्वी एक दाखला ध्यानी घ्यावा. आफ्रिकेतील सूटी मँगबे या माकडाच्या अंगी एचआयव्हीचा एक आप्त विषाणू सुखेनैव नांदतो व त्याला सहसा आजारी पाडत नाही. तोच अमेरिकेतील संशोधनकेंद्रांत बंदिस्त मकाक माकडांच्या, म्हणजे ऱ्हीसस ज्या गोत्रातले त्यांच्या, अंगी शिरला, तेव्हा ती एड्ससारख्याच व्याधीने मरू लागली आणि १९८५ साली त्यांच्या रक्तातून तो वेगळा काढण्यात आला. रानात राहणाऱ्या आशियाई माकडाची त्या आफ्रिकी विषाणूशी तोवर कधी गाठच पडली नव्हती.