तिथी पाहून निघा

जूचंद्रच्या चंडिकादेवीच्या डोंगरावर उभं राहिलं की आपण पाण्याची माणसं आहोत हे लगेच पटतं. खाली गाव, गावाला लागून मिठागरांची जमीन, तिच्यापुढे तिवरं आणि तिवरांपलीकडे वसईची खाडी. खाडी ओलांडली की भाईंदर, आणि तिथून सरळ खाली राजधानी मुंबई. या किनाऱ्याच्या बोलीत जू किंवा जुवं म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन. पाणजू, जुहू ही नावं त्यातलीच, आणि मला तरी आमच्या जूचंद्रच्या नावातही तोच जू ऐकू येतो. वसईसुद्धा एके काळी बेटच होती. उत्तरेला सोपाऱ्याची खाडी, दक्षिणेला वसईची, पश्चिमेला समुद्र. म्हणून तर 1534 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आलेल्या वसईची तटबंदी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

मग 1864 मध्ये रेल्वे आली, खाडीवर पूल झाले आणि आपण पाणी विसरलो. नायगाव ते भाईंदर जेमतेम पाच किलोमीटर. लोकलच्या दारात उभं राहून एक फोन पुरा होतो तोवर खाडी मागे पडते. त्या दोन पुलांच्या मधोमध पाणजू बेट आहे. राजधानीकडे धावणारी प्रत्येक गाडी त्या बेटावरून जाते, पण बेटावर थांबत नाही. पाणजूकरांना नायगावला यायचं तर होडी. शाळा, दवाखाना, लग्नाचा बाजार, सगळं होडीने. आपल्याला रविवारची हौस वाटणारा प्रवास ही माणसं रोज करतात, म्हणून फेरीबोटीचं नियोजन शिकायचं तर त्यांच्याकडूनच.

आता हा प्रवास आपल्यालाही खुला झाला आहे. 20 फेब्रुवारी 2024 ला वसई किल्ल्याच्या धक्क्यावरून भाईंदरला रोरो, म्हणजे वाहनांसकट माणसं नेणारी फेरीबोट सेवा, सुरू झाली. महाराष्ट्र सागरी मंडळाची ही योजना चालवते ती सुवर्णदुर्ग शिपिंग. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालवणारी हीच मंडळी. बोटीत 33 वाहनं आणि 100 प्रवासी मावतात. वसईहून भाईंदरला गाडीने जायचं तर महामार्ग, वर्सोव्याचा पूल आणि घोडबंदर असा अडतीस किलोमीटरचा वळसा पडतो. पाण्यातून तेच अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. एकट्यादुकट्याला लोकलच सोयीची, हे खरं. पण सोबत दुचाकी असेल, म्हातारी माणसं असतील, किंवा मुलांना खाडी दाखवायची असेल, तर बोटीला तोड नाही.

फक्त एक गोष्ट मनात पक्की करावी लागते. लोकल घड्याळावर चालते, बोट पाण्यावर चालते. म्हणूनच भरती-ओहोटीप्रमाणे या फेऱ्यांच्या वेळा बदलतात. काल साडेनऊची बोट मिळाली म्हणून आज त्याच वेळी गेलात तर धक्क्यावर ताटकळत बसाल. यात चालवणाऱ्यांचा दोष नाही. ओहोटीला खाडीच्या कडेचा गाळ उघडा पडतो, तेव्हा एवढी जड बोट रेटता येत नाही.

मिठागरांवर राबलेल्या जुन्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं. उधाणाचं पाणी केव्हा आत घ्यायचं यावरच वर्षाचं मीठ अवलंबून, त्यामुळे भरतीचा हिशेब तोंडपाठ. तो हिशेब फार सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, दिवस असो की रात्र, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

असं का होतं? चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पाऊणकीत दिवसाला पाच मिनिटं कमी धरली जातात, म्हणून पक्षाच्या शेवटी थोडी चूक साठते. पौर्णिमेला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. शिवाय समुद्राचं पाणी खाडीत आत चढायला थोडा जास्त वेळ घेतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरलं की काम भागतं.

यातून एक गंमत हाती लागते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तितकंच खाली जातं. पण ही भरती दुपारी आणि मध्यरात्री. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला खाडी तळ दाखवते. म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला नेमकी गैरसोय. सप्तमी-अष्टमीला उलट. तेव्हा भांगाचं पाणी, चढउतार कमी, आणि भरती सकाळ-संध्याकाळी. दुपारी ओहोटी असली तरी पाणी फार हटत नाही. तेव्हा दिवसभराच्या सहलीसाठी चांदणं बघून पौर्णिमा निवडू नका, अष्टमीच्या आसपासचा रविवार निवडा.

जूचंद्रहून निघायचं तर नायगाव स्टेशन, तिथून एक स्टेशन वसई रोड, आणि पश्चिमेकडून बस किंवा रिक्षाने किल्ला. दुचाकी असेल तर सरळ धक्क्यावर. अर्धा तास आधी पोहोचा आणि धक्क्याच्या उतारावर नजर टाका. काँक्रीटवर एक ओली रेघ दिसेल, तिच्याखाली शेवाळ. पाणी त्या रेघेच्या किती खाली आहे हे थोडा वेळ पाहत राहिलं की भरती चढते आहे की उतरते आहे हे कळतं. मग बोट येते, पुढची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते आणि उतारावर टेकते. आधी दुचाक्या उतरतात, ओल्या फळीवर पाय टेकत टेकत. लहान मुलांचा हात तेव्हा सोडू नका.

भाईंदरला उतरलात की स्टेशनवरून चर्चगेटची गाडी. दम असेल तर गेटवेहून घारापुरीची बोट घ्या, एक तासाचा प्रवास. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा गेटवेवरच्या बोटींचा भरवसा धरू नका. आणि बोट कुठलीही असो, जीवरक्षक जाकीट अंगात घाला. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा दिवसाचा उजेड होता. तरी दहाहून अधिक माणसं गेली. उकडतं, फोटो चांगला येत नाही, ही कारणं ऐकून घेऊ नका, स्वतःची मुलं असोत की शेजाऱ्याची.

परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. आणि घरातून निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघा, पाऊणपट मुलांना करायला सांगा.