बेरीज तीच, उत्तरे दोन

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये माहितीसाठ्याची संबंधात्मक मांडणी सुचवली. त्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल या भाषेचे आश्वासन असे, की तुम्ही फक्त काय हवे ते सांगा, ते कसे शोधायचे हे यंत्र पाहील. नोंदी शोधण्यापुरते ते बरेचसे पाळले गेले आहे. पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, अधिक, भागिले अशी चिन्हे आली, की ‘कसे’ याचा विचार लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. 60 दिवसांपैकी 47 दिवस हजर असलेल्याची टक्केवारी 47/60*100 अशी काढली, तर मायएसक्यूएल हा डेटाबेस 78.33 च्या आसपास उत्तर देतो आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस चक्क शून्य. तिथे दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच असतो, अपूर्णांक गळून पडतो.

ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. रिकाम्या रकान्याची, म्हणजे ‘नल’ची चूक मात्र दिसतही नाही, म्हणून मला ती जास्त गंभीर वाटते. समजा, एकाचे मूळ वेतन 30,000 आणि भत्ता 5,000 आहे. दुसऱ्याचे वेतन 40,000, पण भत्त्याचा रकाना कोरा. दोन्ही रकान्यांच्या वेगवेगळ्या बेरजा करून मिळवल्या तर 75,000 येतात. आधी प्रत्येक ओळीत वेतन अधिक भत्ता करून मग एकूण काढले तर 35,000! कारण ‘अधिक’ चिन्हाला एक बाजू कोरी मिळाली की उत्तरही कोरे येते, आणि ‘सम’ हे फंक्शन कोऱ्या नोंदी गुपचूप वगळते. दुसऱ्याचे 40,000 असे बेपत्ता होतात आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कुठलीही सूचना येत नाही.

मग आकडेमोड डेटाबेसबाहेर, प्रोग्राममध्येच करावी, असे कोणी म्हणेल. पण जावा आणि सीमध्येही पूर्णांक 47 भागिले 60 शून्यच येते, शिवाय एका बेरजेसाठी लाखो नोंदी बाहेर ओढाव्या लागतात. ‘कोअलेस’ वापरून कोऱ्या जागी शून्य धरावे, हा दुसरा उपाय. भत्ता खरोखर मिळतच नसेल तर तो योग्य आहे. पण आकडा भरायचाच राहिला असेल, तर शून्य लिहिणे म्हणजे ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचे सांगणे. हा निवाडा यंत्र करू शकत नाही. तेव्हा अहवालातल्या प्रत्येक बेरजेशेजारी त्या रकान्यातल्या किती नोंदी कोऱ्या होत्या तेही छापा. एकूण ओळींच्या ‘काउंट’मधून त्या रकान्याचा ‘काउंट’ वजा केला की तो आकडा मिळतो.