घरबसल्या पदवी : प्रवेशापूर्वी एवढे पाहा

शिरगावच्या मुलीला मुंबईच्या कॉलेजात शिकायचे असेल तर आधी पालघर स्टेशन गाठायचे, मग लोकल, आणि विरारपासून पुढची गर्दी. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, तरी जाण्या-येण्यातच दिवस सरतो. मुलगी घरी परतेपर्यंत अम्मी-अब्बांचा जीव टांगणीला. होस्टेलचा खर्च परवडत नाही. बारावीनंतर कितीतरी हुशार मुलींची तालीम इथेच थांबते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाचीही अडचण तीच. अशा घरांना ऑनलाइन शिक्षण हा मोठाच आधार आहे.

दूर राहून पदवी घेणे तसे नवे नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची दारे उघडली. आपल्याकडे १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले. तेव्हा पुस्तके टपालाने येत, आता वर्गच मोबाइलवर येतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या नामवंत संस्थेने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स पदवी सात हजार डॉलरच्या आत देऊ केली. २०२० मध्ये आयआयटी मद्रासने डेटा सायन्सचा अभ्यासक्रम आणला. त्याला जेईई लागत नाही. आधी काही आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची. शिकणे घरी, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात सवलतही मिळते.

सरकारी नियमही बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. त्याच वर्षी एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभाही मिळाली. म्हणजे जवळच्या कॉलेजात बी.कॉम. करता करता दुसरी पदवी ऑनलाइन करता येते.

धोका आहे तो ‘घरबसल्या परदेशी पदवी’ या जाहिरातींत. काही शिकवणी कंपन्या परदेशी विद्यापीठाशी करार दाखवून ऑनलाइन पदव्या विकतात. अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा आयोगाने २०२३ मध्ये दिला आहे. लाखभर रुपये भरून हाती आलेला कागद ना सरकारी नोकरीत चालतो, ना पुढच्या प्रवेशाला. आखातात नोकरीला जाणाऱ्याची पदवी तर तपासली जातेच. तिथे खोट उघडी पडली की नोकरीही जाते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात.

एक, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाबरोबर तो अभ्यासक्रम आणि ते वर्षही आहे का, ते पाहावे.

दोन, अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी यांची पदवी ऑनलाइन मिळत नाही. कोणी देतो म्हणाला तर तिथूनच परतावे.

तीन, फी दलालाच्या खात्यात नव्हे, थेट विद्यापीठाकडे भरावी आणि पावती जपून ठेवावी.

चार, परीक्षा केंद्र कुठे आहे ते आधीच विचारावे. वर्षातून काही दिवसांचा तो प्रवास घरच्यांना ठरवून करता येतो.

आणि एक गोष्ट घरातल्यांसाठी. मुलगी घरी आहे म्हणून ती मोकळी आहे, असे समजू नये. ठरावीक वेळ, एक शांत कोपरा आणि पुरेसा डेटा एवढे तिला मिळालेच पाहिजे. कॉलेजला गेली असती तर त्या वेळेत तिला कोणी चहा करायला उठवले नसते.