तोट्याचा बांध

बार्शीटाकळीचा शेतकरी कापूस विकायला नेतो, तेव्हा भाव त्याच्या हाती नसतो. शेअरबाजारातही तसेच आहे. आपल्या हाती एकच गोष्ट असते : किती तोटा सोसायचा.

हा धडा आपल्या कापसाच्या नात्यातलाच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला भाव आला. तो पैसा मुंबईच्या शेअरांत शिरला. १८६५ मध्ये यादवी संपताच भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखे बडे व्यापारीही बुडाले.

अल्पमुदतीच्या सौद्यात म्हणूनच स्टॉप-लॉस हवा. समजा, शेअर १०० रुपयांना घेतला. तो ९७ वर उतरला तर विकावा, असा हुकूम आधीच नोंदवून ठेवायचा. एका सौद्यात ३०० रुपयेच गमवायचे असतील, तर ३०० भागिले ३, म्हणजे १०० शेअर घ्यावेत. आधी तोटा ठरवावा, मग नग. मात्र वाईट बातमीने बाजार एकदम ९२ वर उघडला, तर विक्रीही ९२ च्याच आसपास होते. बांध घातला म्हणून पूर येत नाही असे नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. आपला शेअर ९७ ला विकला जातो आणि लगेच १०२ वर चढतो. मन चडफडते. पुढच्या वेळी माणूस बांध खाली सरकवतो, किंवा गेलेले भरून काढायला दुप्पट सौदा करतो. आता हिशेब पाहा. दहांपैकी सहा सौद्यांत ३०० प्रमाणे १८०० गेले, चारांत ६०० प्रमाणे २४०० आले. उरले ६००, त्यातून दलाली आणि कर. एकदाच बांध सरकवून १००० घालवले, की ही शिल्लक संपली. म्हणजे ठरल्या जागी झालेला तोटा हा अपमान नव्हे, धंद्याचा खर्च होय.

तरीही सावध राहा. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले. म्हणून प्रथम वहीवर सौदे मांडून शिका, आणि बियाण्याचे किंवा फीचे पैसे तिकडे नेऊ नका. संप पुकारण्यापूर्वी घरात किती दिवसांचे धान्य आहे, हे आम्ही कामगार आधी मोजतो. बाजारात उतरणाऱ्यानेही तेवढे मोजूनच पाऊल टाकावे.